बिननावाचा नारळ

हल्ली माझ्याकडे मुलं येतात. कोणी कॉलेजातली, कोणी नुसतीच उत्साही. हातातला फोन माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, ताई, आम्हाला गावाचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू? मी त्यांना चहा देते. तलाठ्याकडचे जुने नकाशे बघा, देवळातल्या घंटेवर काय कोरलंय ते वाचा, जमलं तर मोडी शिका, असलं सगळं सांगते. खरं उत्तर मात्र देत नाही. खरं उत्तर असं, की बाबा रे, स्वतःच्या बापापासून सुरुवात कर, आणि तेवढा दम नसेल तर दुसरा एखादा छंद बघ. मला एकोणिसाव्या वर्षी हे कोणी सांगितलं नाही. आता सत्तरीला टेकले, गुडघे गेले, दात गेले, पण राग जिथल्या तिथे आहे. म्हणून हे प्रकरण लिहून टाकते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाने एका घराचं नाव वीस-बावीस वर्षं तोंडातून काढलं नाही, मग मी तरी त्याचं नाव का घेऊ? श्रीवर्धन आणि बोर्ली पंचतनच्या मधलं, खाडीकाठचं एक गाव, एवढं पुरे.

आमचं घर मातीचं, पुढे पडवी, मागे चुलीची खोली. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकऱ्या थापण्याच्या आवाजाने. तांदळाची भाकरी, पातळ पेज आणि निखाऱ्यावर भाजलेलं सुकट, हा आमचा नाश्ता. नाश्ता हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. पाहुणा आला तर वालात बटाटा पडायचा आणि आम्ही भावंडं पाहुण्याकडे प्रेमाने बघायचो. बाबा जेवताना बोलत नसत. एरवीही फार बोलत नसत. ते गावकीचे पंच होते. पडवीत माणसं येऊन बसायची, तासभर भांडायची, कोणाच्या बकरीने कोणाची भाजी खाल्ली, कोणी कोणाच्या वाटेत कुंपण घातलं, आणि शेवटी बाबा 'व्हय' किंवा 'न्हाय' एवढंच म्हणायचे की निकाल लागायचा. पोरीला कॉलेजात घालून काय करणार, असं गावकीत विचारलं तेव्हाही ते 'शिकंल' एवढंच म्हणाले आणि विषय मिटला. मला त्यांचा फार अभिमान होता. हे लिहायला आज हात जड होतो, पण होता, तो होता.

घराच्या मागे उतरलं की खार. खार म्हणजे खाडीच्या पाण्यातून सोडवून घेतलेली भाताची जमीन. तिच्या कडेने मातीचा लांब बांध, आणि बांधापलीकडे खाडी. पावसाळ्यात उधाणाची भरती आली की हा बांध फुटायची भीती असायची. एकदा खारं पाणी शिवारात शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचा दाणा धरत नाही. म्हणून पावसाळाभर बांधाची राखण असायची, रोज एका घराची. त्यासाठी एक काठी होती, साधी बांबूची, टोकाला पितळी कडं. ज्याचा वार, म्हणजे पाळी, त्याच्या दारात काठी. त्याने दिवसभर बांधावर फिरायचं, कुठे बीळ दिसलं, कुठे पाझर दिसला तर माती भरायची, आणि काम संपलं की काठी पुढच्या घराच्या दारात टेकवून यायची. आमच्या दारात ती यायची तेव्हा मी तिच्यावरून हात फिरवायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गावच्या हायस्कूलला पंचवीस वर्षं झाली आणि स्मरणिका काढायचं ठरलं. त्यात 'आपल्या गावाचा इतिहास' अशी आठ पानं ठेवली होती. ती कोणी लिहायची? जोशीमास्तर म्हणाले, शिकलेली पोरगी गावात एकच आहे, तिला द्या. मास्तर इतिहास शिकवायचे. पांढरा पायजमा, तपकिरीचा वास आणि कायम घाईत. त्यांनी मला एक गोष्ट मात्र चांगली शिकवली, ती मी अजून मुलांना सांगते. म्हणाले, "पुस्तकं नंतर. आधी घरं मोज. कुठलं घर कधी आलं, कुठून आलं, घराघरात जाऊन विचार. आणि वहीत दोन रकाने कर. एकात लोक सांगतात ते, दुसऱ्यात तू डोळ्यांनी बघतेस ते. दोन्ही जुळत नाहीत तिथे थांब." मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि घरोघर हिंडू लागले. मला फार मजा येत होती. म्हाताऱ्या माणसांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ती भरभरून बोलायची, आणि निघताना हातावर गुळाचा खडा ठेवायची.

घरं मोजायला सोपा मार्ग म्हणून मी शिमग्याच्या मानाचा क्रम घेतला. होळीच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, ग्रामदेव बहिरीच्या देवळापुढे गाऱ्हाणं घालतात. पंचाने एकेका घराचं नाव घ्यायचं आणि एकेक नारळ ओळीने मांडायचा. पहिला मान अमक्याच्या घराचा, दुसरा तमक्याचा. हा क्रम म्हणजे गाव कसं वसलं त्याचाच क्रम, असं सगळे सांगत. घरं बेचाळीस. नारळ त्रेचाळीस. अकराव्या घराचं नाव घेतलं की बाबा एक नारळ काही न बोलता ठेवायचे आणि मग बारावं नाव घ्यायचे. लहानपणापासून मी हे बघत आले होते आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. कोणालाही विचारा, एकच उत्तर, तो पांढरीचा नारळ. पांढर म्हणजे गावठाणाची जमीन, तिचाही मान असतो. पहिल्या रकान्यात मी तसं लिहिलं. दुसरा रकाना भरताना थांबले. पांढरीचा मान असेल तर तो सगळ्यात आधी तरी हवा किंवा सगळ्यात शेवटी तरी. अकरा आणि बाराच्या मध्येच का? मी वही घेऊन अकराव्या घरापाशी गेले. त्याच्यापुढे बारावं घर, आणि दोघांच्या मध्ये एक मोकळा तुकडा. करवंदीची जाळी माजलेली. जाळी बाजूला केली तर खाली दगडी जोतं, चुलीची जागा काळी पडलेली. गावात जिथे मोकळी जागा दिसेल तिथे लोक केर टाकत. इथे कोणी टाकलेला नव्हता.

मी आईला विचारलं. ती सुपात सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "तुला इतिहास लिवायचाय ना, मग शिवाजीम्हाराजांचं लिव." मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. नको उघडू." मी काही ऐकणारी नव्हते. आठवडाभर तिच्या मागे मागे फिरले. शेवटी ओढ्यावर कपडे धुताना, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, ती धोपटण्याच्या आवाजाआड बोलली. "भागीचं घर ते. सोनूची बायको. त्यांना वालीत टाकलं हुतं." वाळीत टाकणं काय असतं हे मला माहीत होतं. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. पण ते दुसऱ्या गावांत होतं असं मला वाटायचं. मी विचारलं, का टाकलं? "बांद फुटला. सोनूचा वार हुता, तो गेला न्हाय म्हनले." मग ती आता कुठे आहे? "श्रीवर्धनला हाय म्हनं. वाडीत सुपारी सोलते. आनि हे बग, तुज्या बाबांना काय इचारू नको." मी का नको हे विचारलं नाही. मला वाटलं, बाबा पंच आहेत, त्यांना जुनं काढलेलं आवडणार नाही, एवढंच असेल.

श्रीवर्धनला मी कॉलेजच्या निमित्ताने गेले. तिसऱ्या वाडीत भागीरथी सापडली. पोफळींच्या सावलीत पाच-सहा बायका सुकलेल्या रोठा सुपारीचा ढीग पुढे घेऊन कोयत्याने सोलत होत्या. सगळ्यांत हडकुळी ती. अंगठ्याचं नख सुपारीने तपकिरी झालेलं. कुनाची तू, असं तिने विचारलं आणि मी बाबांचं नाव सांगितलं. तिचा कोयता थांबला नाही. अजून दोन सुपाऱ्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, "त्यानं धाडली?"

"नाही. मीच आले. गावाचा इतिहास लिहायचाय."

"म्हंजे काय?"

"म्हणजे पूर्वी काय काय झालं ते."

"ते तुज्या बापाला ठावं हाय. त्याला इचार."

मी उठले नाही. मला तेवढंच येत होतं, न उठणं. दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा तिने मला अर्धी भाकर दिली आणि सांगायला लागली. ती रडली नाही, आवाज चढवला नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. त्या दिवशी काठी सोनूच्या दारात होती. सकाळीच भागीरथीला कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. सुईण शेजारच्या गावात. सोनू धावत निघाला तो आमच्या घरावरून, आणि पडवीत बसलेल्या माझ्या बापाला म्हणाला, माजी बायको अडलीय, आजचा वार तू कर, काठी मागून आनून देतो. माझा बाप तेव्हा पंच नव्हता, विशीतला पोरगा होता, सोनूचा दोस्त होता. तो म्हणाला, तू जा, मी बगतो. आणि बांधावर गेलाच नाही. खाली माडीच्या दुकानात पत्ते कुटत बसला. दुपारच्या भरतीला बांध फुटला. सगळी खार खारी झाली. संध्याकाळी गाव जमलं तेव्हा काठी सोनूच्याच दारात. आमच्यात रीत अशी, की काठी जिथे, वार तिथे. तोंडी बोलीला कोण विचारतो? तरी सोनूने सगळ्यांदेखत माझ्या बापाला विचारलं, मी तुला सांगितलं हुतं का न्हाय? माझा आजा तेव्हा पंच होता, शेजारी बसला होता. माझा बाप म्हणाला, मला कोनी काय सांगितलं न्हाय.

"एवडंच बोलला," भागीरथी म्हणाली. "मग म्हनले, सोनूनं पंचाच्या पोरावर आळ घातला, पाया पड. त्यो म्हनला, मी न्हाय पडनार. झालं. पोर तर दुसऱ्या दिशीच गेलं हुतं. दोन वर्सांनी ताप येऊन हे गेले. खांद्याला मानूस न्हाय. माजा भाऊ आनि त्याचे तिगं दोस्त बोर्लीवरनं आले, त्यांनी उचलला. आमी निगालो तशी समद्यांनी दारं लावून घेतली. तुज्या घराचं पन."

मी तिला नारळाचं सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. नाव घेत नाहीत, पण दरसाल ओळीत एक नारळ तुमच्या घराचा असतो, असं मी म्हटलं. मला वाटलं, तिला थोडं बरं वाटेल. 

"माज्या घराचा नारल? आनि खातंय कोन?"

 ते नारळ फोडून त्यात गूळ घालून गावभर वाटतात. ओंजळ पुढे करून मी दरवर्षी खाल्ला होता. आम्हीच, मी म्हटलं.

"ब्येस," ती म्हणाली आणि पुन्हा कोयता हातात घेतला. निघताना तिने मला हाक मारली. "लिवनार तू?" हो म्हटलं. "मग एक कर. सोनूची चूक न्हवती, एवडं एक छापून घे. मला जागा नको, घर नको, त्यांचं पानी नको. एवडंच छापून घे." मी तिच्या पायाला हात लावून कबूल केलं. तेव्हा मला वचन म्हणजे काय हे कळत नव्हतं, म्हणून इतक्या सहज दिलं.

परतीच्या एसटीत मी रागाने वही छातीशी आवळून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, थंडी वाजतेय का. घरी आले ती तशीच पडवीत गेले. बाबा विड्याला चुना लावत होते. मी वही उघडून वाचायला सुरुवात केली. सगळं वाचलं, काठी, पत्ते, 'मला कोनी काय सांगितलं न्हाय', सगळं. मला मनातून वाटत होतं की ते उठून माझ्या थोबाडीत मारतील आणि म्हणतील, खोटं आहे, ती बाई खोटारडी आहे. तसं झालं असतं तर मला किती बरं वाटलं असतं. त्यांनी पान दुमडलं, लवंग टोचली आणि पान तसंच तबकात ठेवून दिलं.

"तुज्या आदी एक पोरगा झाला हुता मला," ते म्हणाले. "सोनू गेला त्याच साली त्यो गेला. भगत म्हनला, सोनू मागं लागलाय, त्याचा मान द्या. तवापासनं ठेवतोय नारल. माज्या हातानं ठेवतोय. एक साल चुकवलं न्हाय. आजून काय करू?"

"नाव घ्या," मी म्हटलं. "यंदा नारळ ठेवताना त्याचं नाव घ्या."

त्यांनी तबक बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्येवडं न्हाय जमनार."

आज इतक्या वर्षांनी कोणी मला म्हणतं की त्यांनाही आतून खात असेल, त्यांच्याकडेही माणुसकीने बघा. बघितलं. पुष्कळ बघितलं. भीतीला नारळ देता येतो आणि माणसाला त्याचं नाव देता येत नाही, याला मी काय म्हणू? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसला प्रकार. सोनू जिवंत होता तेव्हा घाबरले नाहीत. मेल्यावर घाबरले. मला त्यांचा राग आला तो तिथे, त्या नारळावर आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी ते पान लिहिलं. मास्तरांनी वाचलं, चष्मा पुसला, 'उत्तम' म्हणाले, आणि छापखान्यात पाठवलं. कच्ची छपाई तपासायला गावकीच्या चिटणीसाकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी बैठक बसली. बायका गावकीत बसत नाहीत, म्हणून मला दाराशी उभं केलं. चिटणीस म्हणाला, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस व्हय गं? कोणीतरी म्हणालं, एवढं शिकवलं त्याचं हे फळ. पण ते खोटं आहे असं एकजणही म्हणाला नाही. बेचाळीस घरांतली माणसं बसली होती, सगळ्यांना माहीत होतं, मला कळायच्या आधीपासून माहीत होतं. मग निकाल झाला. पान काढ, नाहीतर तुमचं घर गावकीबाहेर. माझ्या थोरल्या भावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. वाळीत पडलेल्या घरात मुलगी कोण देणार, मांडव कोण घालणार? बाबा आपल्या नेहमीच्या जागेवर बसले होते. एरवी त्यांच्या एका शब्दावर निकाल फिरायचा. त्या दिवशी ते व्हयही म्हणाले नाहीत आणि न्हायही म्हणाले नाहीत.

घरी दादा रडला. चांगला पंचवीस वर्षांचा बाप्या, चुलीपाशी बसून रडला. "सोनू तुजा कोन? मी तुजा कोन?" असं विचारत होता. आईने माझ्या ताटात भात वाढला आणि ती वाढतच राहिली. मी मास्तरांकडे गेले. मला वाटलं, हे तरी उभे राहतील. मास्तर म्हणाले, "सत्य हे सत्यच असतं, ते कुठे पळून जात नाही. पुढच्या आवृत्तीत बघू." शाळेच्या स्मरणिकेची पुढची आवृत्ती. हे वाक्य आठवलं की मी आजही एकटीच घरात शिव्या देते. आता म्हणे कायदा झालाय, वाळीत टाकलं तर तुरुंग आहे. तेव्हा नव्हता. पण कायद्याचा आडोसा मी घेणार नाही. लाल पेन्सिल मास्तरांनी दिली असली तरी ती धरली मी. सोनूच्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मी मारली. मग रिकामं पान बरं दिसत नाही म्हणून चिटणीसाने तिथे 'गावाचे मानकरी' अशी पंचांच्या नावांची यादी घातली. पहिलं नाव अर्थातच बाबांचं, मोठ्या ठशात.

लग्न थाटात झालं. अख्खं गाव जेवलं. मी वाढत होते.

स्मरणिका छापून आली तेव्हा मी एक प्रत पिशवीत घातली आणि श्रीवर्धनला निघाले. भागीरथीला सगळं सांगून टाकायचं, तिने तोंडावर थुंकलं तर थुंकू द्यायचं, असं पक्कं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्य घोकत होते, काकी, मी शब्द पाळला नाही. वाडीत पोचले तर तिने लांबूनच पिशवीतलं पुस्तक ओळखलं. कोयता टाकून उठली, हात धुतले, पदर नीट केला. सुपारी सोलणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावून पोफळीखाली गोल करून बसवलं. एकीने गवती चहा घातलेला चहा आणला. त्यांच्यात कोणालाच वाचता येत नव्हतं. "हीच ती पोरगी," भागीरथी त्यांना सांगत होती. "हिनं लिवलंय." मग मला म्हणाली, "वाच."

मी तोंड उघडलं. काकी, असं म्हटलंही. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य येईना. मी पुस्तक उघडलं, यादीचं पान काढलं आणि वाचायला लागले. कापलेलं पान मीच लिहिलेलं होतं, शब्द न् शब्द पाठ होता. सोनू रामा यांच्या घरी त्या दिवशी बाळंतपण होतं. त्यांनी आपला वार दुसऱ्याला रीतसर सांगितला होता. बांध फुटला त्यात त्यांची काहीही चूक नव्हती. गावाने त्यांच्यावर अन्याय केला.  मग भागीरथीच्या शेजारची एक थोराड बाई हळूच म्हणाली, "म्हंजे भागी, तू खरं सांगत हुतीस." इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून सुपारी सोलणाऱ्या त्या बाईचाही विश्वास नव्हता. छापून आलं तेव्हा बसला.

"परत वाच," भागीरथी म्हणाली. मी परत वाचलं. एकही शब्द बदलू दिला नाही.

मग ती सरकून माझ्याजवळ आली. पुस्तक तिने हातात घेतलं नाही, मांडीवर माझ्याच राहू दिलं. "ह्येंचं नाव कुटं हाय ते दाव," ती म्हणाली. "बोट ठेव त्याच्यावर."

पानावर नावं पुष्कळ होती. सगळ्यात मोठ्या ठशातलं एकच होतं. माझं बोट आपोआप तिथे गेलं. तिने पदराने तपकिरी अंगठा पुसला, त्या अक्षरांवरून फिरवला, आणि मग सगळ्या बायकांदेखत वाकून, माझ्या बोटाशेजारी, माझ्या बापाच्या नावावर कपाळ टेकवलं.